कोठीची किल्ली

माझी भाची पुण्यात एका सेवाभावी संस्थेत काम करते. महापालिकेच्या शाळांत शिकणाऱ्या, वस्त्यांमधून येणाऱ्या आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी ही मंडळी 'लीडरशिप'चे वर्ग घेतात. ध्येय कसं ठरवायचं, चारचौघांत कसं बोलायचं, गट कसा बांधायचा, असं बरंच काही त्यात असतं. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "आत्या, तुमच्या वेळी गरीब मुलांसाठी असं काही होतं का गं?"

"होतं की! तुझ्या बापानेच घेतलंय ते ट्रेनिंग," मी म्हटलं, तर ती हसायलाच लागली. दादा जाऊन सात वर्षं झाली. त्याच्या तोंडून हे ऐकायचं तिचं राहूनच गेलं. फोनवर एवढं सगळं सांगता येईना, म्हणून हा लेख. तिच्यासाठी तर आहेच, पण नेहमी वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठीही. थोडा इतिहास आहे, थोडं घरचं आहे. मी पडले इतिहासाची बाई, त्यामुळे सनावळ्या येणारच. सांभाळून घ्या.

आमच्या काळी 'पुढारी' हा शब्द पोरांच्या बाबतीत चांगल्या अर्थाने वापरतच नसत. "लई पुढारी झालास काय रं?" म्हणजे पाठीत धपाटा बसायची वेळ आली. गरिबाच्या पोराला पुढारी करायचे वर्ग कुणी काढले असते, तर गावाने हसून सोडलं असतं. पण एक जागा होती, जिथे हे शिक्षण नाव न घेता चालायचं. ती जागा म्हणजे बोर्डिंग.

बोर्डिंगच का, हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. गावात शाळा असायची ती चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. हायस्कूल तालुक्याला किंवा जिल्ह्याला. ज्यांचे तिथे नातेवाईक, त्यांची पोरं शिकायची. ज्यांच्याकडे पैसा, त्यांची पोरं खोली घेऊन राहायची. उरलेल्यांचं शिक्षण हायस्कूलच्या उंबऱ्याशी संपायचं. त्यातही जो अस्पृश्य मानलेल्या जातीचा, त्याच्या हातात पैसा असला तरी शहरात त्याला खोली कोण देणार? म्हणजे फी माफ करून भागत नव्हतं. राहायला छप्पर आणि दोन वेळची भाकरी हाच खरा प्रश्न होता.

हे आपल्याकडे फार लवकर ओळखलं ते राजर्षी शाहू महाराजांनी. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. प्रत्येक समाजाने आपली माणसं पुढे करावीत, आपली संस्था आपण चालवावी, असा त्यामागचा विचार. त्या काळाच्या मानाने ही मोठीच उडी होती. पण जेवणाची पंगत अजून ज्याची त्याची वेगळी होती.

आता गंमत बघा. त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून एक धिप्पाड मुलगा शिकत होता. अभ्यासात यथातथाच. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो हजर राहिला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, की आंघोळ करून मगच जेवायला बस. तो म्हणाला, करणार नाही. एवढ्यावरून त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. कुंभोजला १८८७ साली जन्मलेला हा मुलगा म्हणजे भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर. मॅट्रिक काही तो झाला नाही. पुढे कुणाच्या शिकवण्या घेतल्या, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडला. नांगर विकताना त्याने शेतकऱ्याचं घर आतून पाहिलं आणि त्या घरातलं हुशार पोर गुरांमागे जाताना पाहिलं. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली आणि तिथे बोर्डिंग सुरू झालं. १९२७ साली खुद्द गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं, 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस'.

नाव शाहू महाराजांचं, पण रीत एक पाऊल पुढची. इथे सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंगतीत. स्वयंपाक मुलांनीच करायचा, दळण मुलांनीच आणायचं, शेतात राबायचं, दगडमाती वाहायची आणि अभ्यासही करायचा. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य आपण रयतच्या शाळांच्या भिंतीवर वाचलेलं असतं. त्या वाक्यामागे पिठाने माखलेले किती हात आहेत, ते भिंतीवर दिसत नाही. धान्य कमी पडायचं. मग घराघरांतून बायकांनी रोज दळणातली मूठभर ज्वारी-बाजरी बाजूला काढून ठेवायची, असा मुष्टिफंड निघाला. तेही पुरेना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना दिला आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९३० साली त्या गेल्या. इतिहासाच्या पुस्तकात भाऊरावांचं नाव ठळक अक्षरांत असतं आणि ते असायलाच हवं. पण त्या बोर्डिंगची कोठी एका बाईच्या अंगावरच्या सोन्याने भरली, हेही मी वर्गात दरवर्षी सांगत असे.

आणि हे सगळं साताऱ्या-कोल्हापूरकडेच घडत होतं, आपला सोलापूर जिल्हा कोरडाच होता, असं समजू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. शिका, चळवळ करा, संघटित व्हा, हे तिचं ब्रीद. या सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं, ते मुंबईत नाही, आपल्या सोलापुरात! सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव. जुनी मिल १८७७ सालची. आसपासच्या खेड्यांतून माणसं कामाला येत होती आणि त्यांची पोरं शिकू बघत होती. नगरपालिकेचे सभासद जिवाप्पा ऐदाळे यांनी वसतिगृहाची व्यवस्था बघितली. नगरपालिकेने महिन्याला ४० रुपये अनुदान दिलं. मुलांच्या राहण्या-जेवण्याचा, कपड्यांचा, वह्या-पुस्तकांचा खर्च सभा करायची. सभेच्या प्रेरणेने विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिकही काढलं.

हे मासिकाचं वाचते तेव्हा मी दर वेळी थबकते. ज्या मुलांना शाळेत दाराशी बसवलं जायचं, गावच्या पाणवठ्यावर हात लावू दिला जात नव्हता, ती मुलं संपादक होतात! मासिक काढायचं म्हणजे काय काय करावं लागतं? मजकूर निवडायचा, एखाद्याचा लेख परत करायचा, त्याचा राग सोसायचा, पैसे जमवायचे, तारीख पाळायची. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे माणसांशी व्यवहार. व्याख्यानांनी जे येत नाही, ते एका अंकाने येत असेल.

आता दादाची गोष्ट.

आमचं माहेर मोडनिंबपासून दोन-अडीच कोसांवरचं खेडं. आठ एकर कोरडवाहू, तीही चार भावांत. ज्वारी पिकली तर पिकली. १९६४ साली दादाला तालुक्याच्या गावी एका बोर्डिंगात घातलं. मोडनिंबहून बार्शी लाइटची अडीच फुटी रुळांची गाडी होती. १९०६ साली ती कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत आली, तेव्हापासून वारकरी आणि विद्यार्थी हीच तिची गिऱ्हाइकं. आता तिथे ब्रॉडगेज आहे. दादा एक पत्र्याची ट्रंक, एक वाकळ आणि ज्वारीचं पोतं घेऊन त्या गाडीत बसला. फीची चिंता नव्हती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी माफ झाली होती. ती 'ईबीसी' आमच्या पिढीत कितीजणांना तारून गेली, त्याला गणती नाही. प्रश्न खायचा होता, आणि तो बोर्डिंगने सोडवला.

त्या बोर्डिंगचा कारभार असा. प्रत्येक मुलाने महिन्याची ठरलेली ज्वारी घरून आणायची. ज्याला जमत नाही त्याची माफ. सगळी ज्वारी एका कोठीत. कोठीला कुलूप. किल्ली सरांकडे नाही, मुलांनी निवडलेल्या सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी दर महिन्याला नवा. त्याने सकाळी माप घालून दळण काढायचं, वहीत लिहायचं, गोडेतेल, मीठ, मिरची, डाळ यांचा हिशेब ठेवायचा. आणि रविवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर तो हिशेब मोठ्याने वाचायचा. कुणीही उठून विचारावं, "गुरुवारी दोन किलो डाळ जास्त कशी?" उत्तर द्यावंच लागायचं. सर कोपऱ्यात बसून ऐकायचे, बोलायचे नाहीत. शेर-पायली जाऊन किलो नुकते आले होते, त्यामुळे अर्धा वेळ आकडेमोडीवरून भांडणं. दादा म्हणायचा, माझं अपूर्णांकांचं गणित वर्गात नाही, कोठीत पक्कं झालं.

दादा नववीत असताना एक मुलगा सेक्रेटरी झाला. आमच्याच पंचक्रोशीतला, बौद्धवाड्यातला. सडपातळ, अबोल, अक्षर मोत्यासारखं. त्याच महिन्यात एका बड्या वाड्यातल्या पोराचं पोतं आलं. ज्वारीत निम्मे खडे आणि भुस्कट. घरी जे जनावरांना घालायचं, ते बोर्डिंगला पाठवलेलं. सेक्रेटरीने पोतं उघडलं, सूप मागवलं, पाच-सहा पोरांसमोर पाखडून दाखवलं आणि शांतपणे वहीत लिहिलं, 'परत'. त्या पोराने आकांडतांडव केलं. बापाचं नाव सांगितलं, जातीवरूनही बोलला. सेक्रेटरी म्हणाला, "हे दळून आणलं तर तुलाबी हेच खावं लागंल." सगळी पोरं गप्प. आठ दिवसांनी दुसरं पोतं आलं, चांगलं.

ही गोष्ट दादा शंभर वेळा सांगायचा आणि दर वेळी शेवटी थांबायचा. कारण ह्या मुलाचा आजा गावचा येसकर होता. संध्याकाळी तो दारोदार फिरून भाकरी मागायचा, हे दादाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. कनिष्ठ वतनं नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला, पण कायद्याने ताटातलं लगेच बदलत नाही. ज्याच्या आजाला गावात भाकरी मागावी लागली, त्याच्याकडे आता वाड्यातला पोरगा दळण मागत होता. आणि तो देत होता, मापाने. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

मला वाटतं, सगळं शिक्षण त्या मापात आहे. त्या मुलाला कुणी 'तू नेता हो' म्हणून सांगितलं नव्हतं. आत्मविश्वास कसा वाढवावा, ह्यावर त्याने काही ऐकलं नव्हतं. त्याच्या हातात चाळीस पोरांची भाकरी दिली आणि रविवारी चाळीस पोरांना उत्तर द्यायची जबाबदारी दिली. ह्या दोन्ही गोष्टी बरोबर हव्यात. नुसती किल्ली दिली तर सावकार तयार होतो, आणि नुसती उत्तरं द्यायला लावली तर गुन्हेगारासारखी मान खाली घालायची सवय लागते.

अशा बोर्डिंगांतून माणसं कुठवर गेली, ह्याचं एक उदाहरण तर माझ्या घरात फ्रेम करून लावलेलं आहे. माझं बी.ए. १९७६ सालचं. १९७२च्या दुष्काळात शिक्षण मधेच थांबलं, घरातले सगळे खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर, म्हणून उशीर झाला. सोलापूर जिल्हा तेव्हा शिवाजी विद्यापीठात होता. त्या वेळी कुलगुरू होते बॅ. पी. जी. पाटील. भाऊरावांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात वाढलेला मुलगा बॅरिस्टर झाला आणि कुलगुरू झाला. माझ्या पदवीवर त्या वसतिगृहातल्या एका पोराची सही आहे, असं मी मुलांना सांगायची. रयतच्या शाखा आज सातशेच्या वर आहेत, पण मुलांना सातशेपेक्षा ती एक सही जास्त कळायची.

इथवर सगळं छान छान झालं. आता जे छान नाही ते लिहिते, नाहीतर इतिहासाची बाई म्हणवून घ्यायला नको.

पहिलं असं, की 'कमवा आणि शिका' ह्या चांगल्या गोष्टीची नक्कल पुढे अनेकांनी केली, पण अर्धीच. पोरांकडून भिंती बांधून घेतल्या, झाडलोट करून घेतली, शिक्षकांच्या घरचं पाणी भरून घेतलं, आणि नाव दिलं श्रमसंस्कार. पैसेवाल्यांची पोरं त्यातून अलगद सुटायची. हिशेबाची वही मात्र पोरांना कधी दिसली नाही. श्रम करायचे आणि हिशेब विचारायचा नाही, ह्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, वेठबिगार. भाऊरावांच्या बोर्डिंगात श्रम सगळ्यांना होते, आणि काम कशासाठी चाललंय ते पोरांना माहीत होतं. फरक घामात नाही, हिशेबात आहे.

दुसरं जास्त लागणारं आहे. दादा बोर्डिंगला गेला, मी गेले नाही. मुलींचं बोर्डिंगच आसपास नव्हतं. साताऱ्याला भाऊरावांनी १९४२ साली स्त्री-शिक्षिकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय काढलं होतं, पण माढ्याच्या माळावरून सातारा म्हणजे काशीच. मी आणि दोघी मैत्रिणी रोज पायी हायस्कुलात जायचो. दिवाळीच्या सुट्टीत दादा घरी आला की भाकरी थापून दाखवायचा. एका हातावर गरगर फिरवून, तव्यात टाकून, टम्म फुगवायचा. आई कौतुकाने बोटं मोडायची. शेजारणी बघायला यायच्या. "पोरगं कसं स्वावलंबी झालंय बघा!" मी वयाच्या नवव्या वर्षापासून आठ माणसांच्या भाकरी थापत होते. त्याला कुणी स्वावलंबन म्हणाल्याचं मला आठवत नाही. ती रीत होती.

दादावर माझा राग नव्हता, आजही नाही. पण विचार करता करता मला ह्यातूनच खरी गोष्ट समजली. भाकरी थापल्याने पुढारीपण आलं असतं, तर आपल्याकडच्या सगळ्या बायका केव्हाच पुढारी झाल्या असत्या! चूल आमच्याकडे होती, कोठीची किल्ली सासूकडे किंवा सासऱ्याकडे. कष्ट आमचे, माप दुसऱ्याचं. दादाला बोर्डिंगने जे दिलं ते स्वयंपाकाचं शिक्षण नव्हतं, वाटपाचा अधिकार होता. आणि तो मुलींपर्यंत यायला फार उशीर झाला.

खरं तर सुरुवात किती आधी झाली होती बघा. सावित्रीबाई आणि जोतिरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ साली. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मातंग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आठवी-नववीच्या वयाची पोर, शिकून अवघी दोन-तीन वर्षं झालेली, आणि आपल्या समाजाला धर्माने आणि राज्याने काय दिलं ह्याचा जाब विचारते! हिशेब मागणं म्हणजे आणखी काय असतं? शाळेत असताना मी तो निबंध वर्गात वाचून दाखवायची. मुलं चुळबुळ करायची थांबायची. पण नव्या पाठ्यपुस्तकात काही सापडो न सापडो, माझ्या वर्गातल्या मुलींना मुक्ता भेटल्याशिवाय मी पुढे जात नसे.

मी मोडनिंबला सून म्हणून आले आणि जवळच्याच एका माध्यमिक शाळेत नोकरी केली. शाळेत बोर्डिंग नव्हतं. मंत्रिमंडळ होतं, जसं सगळीकडे असतं. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री. शपथविधी झोकात व्हायचा आणि पुढे वर्षभर आरोग्यमंत्र्याने फक्त फळा पुसायचा. मला दादाची कोठी आठवायची. शेवटी १९९४ साली मुख्याध्यापकांच्या मागे लागून आम्ही विद्यार्थी भांडार सुरू केलं. एक लोखंडी कपाट, त्यात वह्या, पेन्सिली, शाईच्या कांड्या, कंपासपेट्या. सोलापूरहून घाऊक आणायच्या आणि बाजारापेक्षा थोड्या स्वस्तात द्यायच्या. कपाटाची किल्ली मुलांकडे. अट एकच घातली, की एक महिना मुलगा सांभाळेल तर पुढचा महिना मुलगी. आणि शनिवारी शाळा सुटायच्या आधी सगळ्या वर्गांसमोर हिशेब.

नववीतली एक मुलगी होती. आईबाप लोकांच्या बागेत रोजंदारीवर. थंडीत बोरं तोडायला ती पण जायची, हातांवर काट्यांचे ओरखडे घेऊन वर्गात यायची. वर्गात तिचा आवाज मी वर्षभरात चार वेळा ऐकला असेल. तिचा महिना आला. दुसऱ्याच दिवशी आमचे एक शिक्षक कपाटाशी गेले, मुलासाठी दोन वह्या घेतल्या आणि म्हणाले, "लिहून ठेव गं, पैसे पगाराला." ती म्हणाली, "सर, उधारी बंद आहे." सर हसले, वह्या घेऊन निघाले. ती मागोमाग स्टाफरूमपर्यंत आली. दारात उभी. आत पाय टाकायची हिंमत नाही आणि परत जायची तयारी नाही. पाय थरथरत होते, मी बघत होते. सरांनी शेवटी खिशात हात घातला. तिने पैसे मोजून घेतले, मोड परत दिली आणि "थँक्यू सर" म्हणून पळाली. शनिवारच्या हिशेबात तो व्यवहार रोखीत होता.

ती दहावी झाली, पुढे शिकली नाही. लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात गेली. मला वाईट वाटलं. वाटलं, गेलं सगळं.

मग २०१३चा दुष्काळ आला. आपल्या जिल्ह्यात गावोगाव टँकर चालू होते ते तुम्हाला आठवत असेल. एका लग्नात ती भेटली. आता दोन लेकरांची आई, बचत गटाची सचिव. सांगत होती, "बाई, टँकर आला की आधी मोठ्यांच्या हौदात पाइप. आमच्या आळीला तळाचं गढूळ पाणी. मग मी वही घातली." कशी, तर तारीख, घर, माणसं किती, घागरी किती, सही किंवा अंगठा. आणि दर आठवड्याला पारावर वाचून दाखवायचं. "पहिल्यांदा लई बोलले. मग म्हणलं, नाव वाचते फक्त, आरोप नाही करत." तिसऱ्या आठवड्यापासून हौदातला पाइप आपोआप निघाला. तिच्या वहीचे रकाने मी ओळखले. ते आमच्या भांडाराच्या वहीचेच होते.

ती निवडणुकीला उभी राहिली का, असं मला लोक विचारतात. नाही राहिली. आणि उभं राहणं म्हणजेच नेतृत्व असंही नाही. पंचायतींत बायकांना आधी तेहतीस टक्के, मग २०११पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा मिळाल्या. कितीतरी ठिकाणी त्या बायकांनी सोनं केलं. पण कितीतरी ठिकाणी पाटीवर नाव बाईंचं आणि खुर्चीत बसलेला नवरा, हेही आपण पाहतो. पद मिळालं, किल्ली मिळाली नाही. सहीच्या आधी वही वाचायची सवय कुणी लावलीच नाही. ही सवय पस्तिसाव्या वर्षी लावणं अवघड असतं, चौदाव्या वर्षी सोपं.

म्हणून भाचीला आणि तिच्यासारखं काम करणाऱ्या सगळ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. तुमचे वर्ग वाईट नाहीत. चारचौघांत बोलता येणं ही मोठी गोष्ट आहे, आमच्या पिढीतल्या निम्म्या बायका त्यावाचून गप्प राहिल्या. पण वर्ग संपल्यावर त्या पोरीच्या हातात काय राहतं, ते बघा. प्रमाणपत्र राहत असेल तर ते ट्रंकेत जाईल. त्यापेक्षा तिला एखादी खरी गोष्ट सांभाळायला द्या. ग्रंथालयाचं कपाट द्या, सहलीचे पैसे द्या, खेळाचं साहित्य द्या, पिण्याच्या पाण्याच्या टाकीची देखभाल द्या. लहान चालेल, पण खरी हवी. जिच्यात चूक झाली तर कुणाचं तरी अडेल, अशी हवी. आणि आठवड्याला एकदा सगळ्यांसमोर हिशेब. मोठ्यांनी कोपऱ्यात बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, शिक्षकाच्या अनुभवाने सांगते.

परिस्थितीने गांजलेल्या मुलाला आपण नेहमी काहीतरी देतो. गणवेश देतो, वह्या देतो, सायकल देतो, भाषण देतो. तो सतत घेणाराच राहतो. घेणारा हात कितीही भरला तरी वरचा होत नाही. बोर्डिंगवाल्यांनी ते ओळखलं होतं. त्यांनी पोराला भाकरी दिलीच, पण दुसऱ्याच्या ताटात भाकरी वाढायचं कामही त्यालाच दिलं.

तुमच्यापैकी कुणी बोर्डिंगात राहिला असाल, कोठी सांभाळली असेल, तर जरूर लिहा. विशेषतः मुलींच्या वसतिगृहात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनी. तुमच्याकडे किल्ली कुणाजवळ असायची?